फुकट आवाज, अटी एकेचाळीस

चिरंजीव धाकटीस,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. (तू ते घेणार नाहीस हे मला ठाऊक आहे, पण आशीर्वाद परत पाठवायची सोय पोस्टात अजून झालेली नाही, तेव्हा ठेवून घे.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून वाजतो का? तुझ्या यजमानांचं रक्तदाबाचं औषध बदललं असं तिसऱ्याकडून कळलं, कारण सध्या तुझ्या घरची प्रत्येक गोष्ट मला तिसऱ्याकडूनच कळते. इकडे सर्व ठीक. हे रोज सकाळी फिरायला जातात आणि मी घरात बोलत असेपर्यंत फिरत राहतात, त्यामुळे त्यांचं वजन सहा किलोंनी उतरलं आहे. माझा घसा उत्तम आहे. पण तुझ्या घरात माझ्या घशाचं नाव काढायला बंदी आहे असं ऐकलं, म्हणून त्याविषयी जास्त लिहीत नाही.

गेल्या आठवड्यात मी तुला अकरा वेळा फोन केला. दहा वेळा तू उचलला नाहीस. अकराव्या वेळी उचललास आणि मिक्सरशेजारी नेऊन ठेवलास. वीस मिनिटं मी माझी बाजू मांडत होते. मध्ये मिक्सर थांबला तेव्हा वाटलं, ऐकतेय बिचारी. पण तू भांडं बदलत होतीस. म्हणून हे पत्र. मावशीने भाचीच्या पोटावर पाय दिला, असं तू सगळ्या नात्यागोत्यात सांगत सुटली आहेस. पोरीची नोकरी गेली हे खरं. बसस्थानकावर तिच्या जागी आता माझा आवाज वाजतो, तोही बिनपगारी, हेही खरं. पण पाय कोणी दिला, कसा दिला, आणि आधी पाऊल कोणाचं पडलं, हे तू एकदा सुरुवातीपासून नीट वाच आणि मग काय बोलायचं ते बोल.

एकतीस वर्षं मी त्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारल्या. तू हसायचीस, पण फलाटावरची माणसं माझ्या आवाजावर घड्याळ लावायची. (गाडीवर लावून उपयोग नव्हता.) निवृत्त झाले आणि घरात आले, तर ऐकायला एक माणूस, आणि तोही पेपर वाचणारा. सवय काही सुटेना. जेवायची वेळ झाली की माझ्या तोंडून निघायचं, प्रवाशांनी कृपया आपापल्या जागा घ्याव्यात. हे घ्यायचे, पण तोंड असं करायचे की जणू उभ्याने प्रवास चाललाय. शेवटी समोरच्या दारातले कॉम्प्युटरवाले मदतीला आले. (मदत हा त्यांचा शब्द.) त्यांनी आयुष्यभर एका कंपनीत काम केलं, बक्कळ पगार घेतला, आणि आता त्यांचं ठाम मत आहे की जगातली प्रत्येक वस्तू फुकट असावी. ते म्हणाले, बाई, तुमचा आवाज हा ठेवा आहे. तो रेकॉर्ड करा, इंटरनेटवर ठेवा, ज्याला हवा त्याला घेऊ द्या. मला ते पटलं. खरं सांगायचं तर ठेवा हा शब्द पटला. पुढचं मी फारसं ऐकलं नाही.

आम्ही सहाशे बारा वाक्यं रेकॉर्ड केली, आमच्या कपड्यांच्या कपाटात. आत रजया असल्यामुळे आवाज घुमत नाही म्हणे. मी कपाटात, कॉम्प्युटरवाले पलंगावर, आणि हे जिन्यात, वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खुर्ची ओढू नये म्हणून विनवण्या करत. तीन आठवडे आमच्याकडे पंखा बंद, नळ बंद, कुकर बंद. हे तेव्हा पहिल्यांदा म्हणाले की बसस्थानकावर गोंगाट होता, पण निदान ते लांब होतं.

आता फुकट द्यायचं म्हणजे वाऱ्यावर सोडायचं, असं होत नाही ना. आपली आई शेजारणीला शिवणयंत्र वापरायला द्यायची, पण स्वतः शेजारी उभी राहून. तशी मीही अटी घातल्या. कॉम्प्युटरवाल्यांना पाच पुरेशा वाटत होत्या. मी एकेचाळीसवर थांबले, ते त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून. आवाजाचा वेग वाढवू नये. आवाज पुरुषी करू नये. वाक्य मधेच तोडून दुसऱ्या वाक्याला जोडू नये. गाडी येत आहे असं म्हणायचं असेल तर गाडी खरोखरच येत असावी; थोडक्यात, माझ्या तोंडून खोटं बोलवू नये. कोणाचा पाणउतारा करू नये. पाळलेल्या पोपटाला शिकवण्यासाठी वापरू नये. (हसू नकोस. खालच्या मजल्यावरच्या पोपटाचा इतिहास तुला माहीत नाही.) आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, माझ्या मनाचा मोठेपणा दाखवायला एक वचन लिहून टाकलं: एकदा दिलेलं मी कधीही परत मागणार नाही. त्या वाक्याने पुढे माझाच गळा धरला, पण तेव्हा लिहिताना काय भारी वाटलं होतं म्हणून सांगू. सगळ्यात खाली एक चौकट होती, सर्व अटी वाचल्या आणि मान्य आहेत, अशी. तीत टिचकी मारली की आवाज तुमचा. पहिल्या दिवशी नऊ जणांनी घेतला. त्यातले सहा हे होते. टिचकी चालते का ते बघत होते.

मग हळूहळू फुकट ते पौष्टिक असं गावभर झालं. दाताच्या डॉक्टरांच्या इमारतीत गेले, तर लिफ्टमध्ये मीच. माझ्या वाक्यांत मजले कुठून असणार? तेव्हा दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं की मी म्हणते, फलाट क्रमांक दोन. म्हातारी माणसं दचकून सामान उचलतात. टेम्पो मागे घेताना मी, कपडे धुवायच्या दुकानात मी, सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दारात मी, की प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी स्वतः घ्यावी. सुरुवातीला छाती फुगली, खोटं कशाला बोलू. भाजी घेता घेता मी मुद्दाम मोठ्याने बोलायचे, म्हणजे कोणीतरी वळून म्हणावं, अहो, तुम्हीच का त्या? एकाने वळून पाहिलं आणि लिफ्ट बंद पडल्याची तक्रार माझ्याकडे केली.

पण औषधाच्या दुकानाने मात्र माझं डोकं फिरवलं. त्याने दारात वजनाचं यंत्र ठेवलंय. त्यावर नव्वद किलोंच्या पुढचं कोणी चढलं की यंत्रातून मी सांगते, ही गाडी पूर्ण भरलेली आहे, कृपया पुढील गाडीची वाट पाहावी. अख्खा रस्ता हसतो. पाणउतारा करू नये, ही अट मी त्याला कागदावर दाखवली. तो म्हणाला, मावशी, गिऱ्हाईक हसत हसत दोनदा चढतं, यात पाणउतारा कुठे? मी म्हटलं, दाखव बघू. आणि त्याची लबाडी पकडायला स्वतःच चढले. (माझं वजन हा या पत्राचा विषय नाही. एवढंच सांगते, की स्वतःच्या आवाजाने चारचौघांत स्वतःला गाडीतून उतरवणारी मी जगातली पहिलीच बाई असेन.)

त्यानंतर बँक. पेन्शन अडकली म्हणून फोन लावला, तर पलीकडे मीच. थोड्याच वेळात, थोड्याच वेळात, असं चाळीस मिनिटं मी मला सांगत होते, आणि ते मी इतक्या गोड आवाजात सांगत होते की पहिली दहा मिनिटं माझा माझ्यावर विश्वास बसला. शेवटी बँकेत जाऊन थडकले. तिथल्या अधिकारीणबाईंपुढे अटींचा कागद आपटला, खोटं बोलवू नये या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, टिचकी मारताना हे वाचलं होतं का? बाई शांतपणे उठल्या, कपाटातून माझ्या खात्याची फाईल काढली, आणि त्रेसष्ट पानांच्या शेवटी माझी सही दाखवून म्हणाल्या, आणि तुम्ही हे वाचलं होतं का? मी चष्मा विसरल्याचं सांगून बाहेर आले. चष्मा नाकावरच होता.

घरी येऊन कॉम्प्युटरवाल्यांना म्हटलं, ते काही नाही, लगाम हवा. तेव्हा त्यांनी एक कुलूप केलं आणि आवाज नेलेल्या सगळ्यांना ते लावून घ्यायला कळवलं. म्हणजे आवाज फुकटच, पण कुठेही वाजायच्या आधी माझ्या फोनवर विचारणा येणार, वाजू का? मी हो म्हटलं तर वाजणार. ऐकायला झकास. पहिल्या सकाळी फोनने जो ताल धरला तो थांबेना. लिफ्ट विचारते वाजू का, टेम्पो विचारतो वाजू का, कपडेवाला विचारतो. मी दोन्ही हातांनी परवानग्या देतेय आणि दूध उतू जातंय. साडेनऊला मी आंघोळीला गेले, आणि तेवढ्यात दाताच्या डॉक्टरांची लिफ्ट दार उघडण्याआधी माझ्या परवानगीसाठी खोळंबली. आत तीन पेशंट आणि खुद्द डॉक्टर. पंचवीस मिनिटं. (डॉक्टरांनी नंतर माझी दाढ काढली तेव्हा भूल जरा हात राखूनच दिली, असा माझा संशय आहे.) दुसऱ्या दिवशी मी फोन यांच्याकडे सोपवला. यांनी सगळ्यांनाच हो म्हटलं, औषधवाल्यालासुद्धा, आणि वर विचारलं की नाही म्हणायचं बटण कुठलं होतं. एवढं करून औषधवाल्याला परवानगीची गरजच नव्हती. त्याने कुलूप पहिल्याच दिवशी कोणाकडून तरी काढून घेतलं होतं. बँकेनेही. कुलूप लावून बसले होते ते फक्त सरळमार्गी लोक. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तिसऱ्या दिवशी मीच ते काढायला लावलं.

आता तुझ्या लेकीचं ऐक. मी निवृत्त झाल्यावर त्या खुर्चीत ती बसली, ती माझ्याच शब्दावर, हे तू सध्या विसरली आहेस. कंत्राटी का होईना, पण घराण्याचा माईक घराण्यात राहिला म्हणून मी तेव्हा पेढ्याइतकी गोड झाले होते. पोरगी हुशार. स्थानकातला तो नवा कॉम्प्युटर तिच्याशिवाय कोणाला कळत नाही. आणि तिला जेवायला सुट्टी नव्हती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात माईक, आणि घास तोंडात असताना गाडी आली की फलाटभर पोळी ऐकू जायची. तेव्हा तिनेच माझा आवाज उतरवून घेतला, कॉम्प्युटरवर चढवला, आणि दुपारचा अर्धा तास मी पुकारायचे आणि ती जेवायची. मला फोन करून म्हणाली, मावशी, तू बोलतेस आणि मी जेवते, लहानपणी भरवायचीस तसंच वाटतं. मी दिवसभर हवेत होते, धाकटे. यांना तीनदा सांगितलं. यांनी तीनदा पेपर खाली ठेवून ऐकलं, म्हणजे बघ.

आणि मग स्थानकप्रमुखांच्या लक्षात आलं, की दुपारचा अर्धा तास सगळं सुरळीत चालतं आणि त्या अर्ध्या तासाला कोणी पगार मागत नाही. अर्ध्याचा एक झाला, एकाचा दिवस झाला. पहिल्या तारखेला पोरीला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. म्हणजे आवाज माझा, चढवला तिने, आणि कात्री लावली तिसऱ्याने. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तू माझ्यावर चिडलीस, मी दोन दिवस तुझ्या लेकीवर चिडले, आणि तो गृहस्थ पंख्याखाली निवांत बसलाय, त्याच्यावर चिडायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

ते माझ्या डोक्यात तिसऱ्या दिवशी आलं, आणि मी अटींचा कागद घेऊन थेट स्थानकात गेले. म्हटलं, गाडी येत आहे असं माझ्या तोंडून वाजवता आणि गाडी तासभर येत नाही. खोटं बोलवू नये अशी माझी अट आहे, तेव्हा माझा आवाज बंद करा आणि पोरीला परत घ्या. त्यांनी कागद वाचला. (पूर्ण वाचला. सगळ्या गावात वाचणारा तोच एक निघाला, हे माझं नशीब.) मग चष्मा काढून म्हणाले, बाई, एकतीस वर्षं तुम्ही स्वतः हेच वाक्य रोज बोलत होतात, तेव्हा कोणती गाडी वेळेवर येत होती? मग त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, यात एकेचाळीस अटी आहेत, त्यातली कुठली अट म्हणते की कोणाला कामावरून काढू नये?

मी वाचून पाहिलं. दोनदा. वेगाची अट होती, पोपटाची होती. आवाज विमानात वापरल्यास मला कळवावं अशीही होती. माणसाची नव्हती. मी माझ्या आवाजाला कोणी धक्का लावू नये याचा सहा महिने विचार केला, आणि माझा आवाज कोणाला धक्का लावील याचा सहा मिनिटंही नाही. आता बेचाळिसावी घालता येते, पण ती नव्याने घेणाऱ्यांना. आधी नेलेल्यांकडून परत मागणार नाही, हे मी स्वतःच मोठ्या अक्षरांत लिहून बसलेय. त्या खोलीत मला लाज वाटली. तुला लिहायलाही वाटते. पण मी मान खाली घातली नाही. त्यांना म्हटलं, तुमच्यासारख्यांसाठी मी तोंड उघडलं हीच चूक झाली, आणि ताडकन उठून, मागे न बघता, बाहेर पडले.

असो. झालं ते असं झालं. आता तू मला दोष दे, पण वाचून दे. गुडघ्याला शेक घेत जा. यजमानांना नमस्कार, आणि पोरीला माझा गोड पापा. ती घेईल की नाही ते तिला ठरवू दे, तू मधे पडू नकोस.

तुझी,
थोरली

ता. क. पत्र यांच्या हाती पाठवतेय. ते दारात उभे असतील तर त्यांना आत घे. त्यांनी काही केलेलं नाही. सहा वेळा टिचकी मारली तेवढीच.

ता. क. वर मी ताडकन उठले असं लिहिलंय. उठले हे बरोबर, पण ताडकन नाही, आणि बाहेरही लगेच पडले नाही. स्थानकप्रमुख म्हणाले, आलाच आहात तर जरा बसा. सोमवारपासून नवीन वेळापत्रक लागतंय, अकरा नवे थांबे आहेत, तुमच्या सहाशे बारा वाक्यांत ते नाहीत, तेवढे बोलून द्या. फुकटच. मी नाही म्हणणार होते. पण काचेच्या खोलीचं दार उघडं होतं, माझी ती उजवीकडे कललेली खुर्ची तिथेच होती, आणि त्यांनी माईकचा लाल दिवा लावला, म्हणजे बोललेलं आपोआप कॉम्प्युटरवर चढतं. धाकटे, दोन वर्षांत मला कोणी बोला असं म्हटलं नव्हतं. थांबा असंच म्हणतात सगळे. मी बसले आणि अकराच्या अकरा थांबे बोलून दिले. तू हे वाचून पत्र फाडशील, पण याच्या पुढचा ता. क. वाचल्यावर फाड.

शेवटचा ता. क. पहिला थांबा ऐकून साहेब वा म्हणाले आणि चहाला गेले. मग पुढचे दहा मी माझ्या पद्धतीने बोलले, आणि पहिला पुन्हा घेतला. आता प्रत्येक थांब्याच्या नावानंतर मी सावकाश, स्पष्ट आणि अतिशय आदराने म्हणते, या गाडीच्या अधिक माहितीसाठी खिडकी क्रमांक दोनमधील बाईंना विचारावे, त्या सर्व सांगतील. खिडकी क्रमांक दोनमध्ये सध्या जुन्या तिकिटांचे गठ्ठे आणि एक मोडका पंखा आहे. या गाड्या दिवसाला दोनशे सुटतात. आणि ते वाक्य कॉम्प्युटरमधून छाटून काढायची अक्कल त्या स्थानकात एकाच माणसाला होती, तिला त्यांनी पहिल्या तारखेला घरी पाठवलंय. तेव्हा माझं एकच मागणं आहे, आणि सगळं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय: सोमवारी पोरीला घरातून हलू देऊ नकोस. दुपारपर्यंत साहेबांचा फोन येईल. पहिल्यांदा वाजू दे. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिने उचलावा आणि म्हणावं, आईला विचारून सांगते. वाक्य छाटून द्यायचं नाही; खिडकीत बसायचं. कायमची नेमणूक, लेखी, आणि जेवायला अर्धा तास, माईक बंद ठेवून. आणि साहेब म्हणाले की सध्या थोडे दिवस तशाच या, पगाराचं मागाहून बघू, तर तिने नम्रपणे सांगावं, की तसं काम करणारी आमच्या घरात एक आहे, आणि तिच्यामुळेच आज मी घरी बसलेय.